केळीचं बेणं, आंब्याची कोय

नांदेडहून वारंग्याच्या वाटेला लागलं की वीसेक किलोमीटरच्या आत अर्धापूर येतं, आणि गाव येण्याआधी केळी येते. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी आणि विहिरी-बोअर यांच्या जिवावर हा पट्टा उभा आहे. कॅव्हेंडिश कुळातल्या एका बुटक्या वाणाला तर 'अर्धापुरी' असं गावाचंच नाव पडलं आहे. इथल्या एखाद्या बांधावरून दोन्हीकडच्या बागा पाहाव्यात. एका बाजूच्या घडाला नऊ-दहा फण्या, वजन पंचवीस किलोंच्या पुढे. दुसऱ्या बाजूला त्याच महिन्यातली लागवड, आणि घड पंधरा किलोंवर अडलेला. दोघांनी ग्रँड नैनची टिश्यू कल्चरची रोपं एकाच ठिकाणाहून आणलेली असली, तर या फरकाचं कारण बेण्यात शोधायला कुणी जात नाही. जाऊन उपयोगही नाही. खाण्याच्या केळीला बी धरत नाही. कंदाला फुटलेला मुनवा म्हणजे आईची नक्कल आणि प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढवलेलं रोप म्हणजे त्या नकलेची नक्कल. म्हणून शेतकरी विचारतो ते असं: ठिबक कुणाचं कधी बंद पडलं, मुनवे वेळच्या वेळी कुणी कापले, वैशाखातल्या वाऱ्याला आडोसा होता का, करपा कुणाकडं आधी आला. त्याच बांधावर रायवळ आंब्याची दोन झाडं असतात, दोन्ही एकाच आंब्याच्या कोयींतून उगवलेली. माती एक, ऊन एक, पाणी एक. एकाचा रस गोड, दुसऱ्याचा आंबा लोणच्यापलीकडं कशाच्या कामाचा नाही. इथं मात्र पाण्याला कुणी बोल लावत नाही.

माणसाच्या कर्तृत्वाबद्दल बोलताना आपण या दोन न्यायांत सोयीनुसार ये-जा करतो. शेजाऱ्याचा मुलगा मागं पडला तर 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार', आणि आपल्या मुलीला पहाटे पाचला उठवायचं असेल तर 'प्रयत्नांती परमेश्वर'. दोन्ही म्हणी एकाच तोंडी नांदतात याचं कारण दोन्हींना पुरावा हाताशी सापडतो. घोटाळा होतो तो टक्केवारी मागितली की. उपजत गुण किती टक्के आणि सराव किती टक्के, हा प्रश्न एका माणसाबद्दल विचारला तर त्याला अर्थच उरत नाही. पंचवीस किलोंच्या घडात पाण्याचे किलो किती आणि कंदाचे किती, असं कोणी विचारत नाही. पाणी काढून घेतलं तरी घड नाही, कंद काढून घेतला तरी नाही. टक्के मोजता येतात ते फरकाचे, आणि फरक मोजायला अनेक झाडं लागतात. मग उत्तर त्या झाडांवर अवलंबून राहतं. बेणं एकसारखं असेल तर सगळा फरक मशागतीचा, मशागत एकसारखी असेल तर सगळा फरक बेण्याचा. ही गोष्ट आपल्याकडच्या काव्यशास्त्रानं फार पूर्वी ओळखली होती. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट काव्याच्या मुळाशी तीन गोष्टी सांगतो: शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, निपुणता म्हणजे लोकव्यवहाराची आणि शास्त्रांची जाण, आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला अभ्यास. पण या तिन्हींना मिळून तो हेतू हा शब्द एकवचनात वापरतो आणि हे तीन हेतू नव्हेत, एकच आहे, असं मुद्दाम बजावतो. त्याच्याआधीचा दंडी अधिक उदार होता. प्रतिभा नसली तरी श्रमानं सरस्वतीची थोडी कृपा होतेच, असं तो सांगतो. सतराव्या शतकातला जगन्नाथ पंडित मात्र प्रतिभेलाच कारण मानतो. आज टीव्हीवर या विषयावर वाद घालायला बसवले तर तिघांनाही पक्ष शोधावा लागणार नाही.

सरावाच्या बाजूचा सर्वांत गाजलेला पुरावा १९९३ सालचा, बर्लिनच्या संगीत अकादमीतला. अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी व्हायोलिन शिकणाऱ्यांचे दहा-दहाचे तीन गट घेतले: सर्वोत्तम, चांगले, आणि पुढं संगीतशिक्षक होऊ पाहणारे. अठरा वर्षांच्या वयापर्यंत एकट्यानं बसून केलेल्या रियाजाचे तास विचारले. सरासरी आली ती अनुक्रमे सुमारे ७,४००, ५,३०० आणि ३,४००. विसाव्या वर्षापर्यंत वरच्या गटाची सरासरी दहा हजारांच्या आसपास पोचत होती. २००८ साली माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकानं त्यातला हा गोल आकडा उचलला आणि 'दहा हजार तास' हा मंत्र जगभर पसरला. आपल्याकडच्या क्लासच्या भिंतींवरही तो आला. एरिक्सनला ही वाट मान्य नव्हती. दहा हजार ही सरासरी होती, वरच्या गटातल्या अनेकांनी त्या वयात तेवढे तास भरलेलेच नव्हते. त्याचा भर तासांवर नव्हताच, रियाजाच्या जातीवर होता: आपल्याला जमत नाही तोच तुकडा घ्यायचा, चूक ताबडतोब कळेल अशी सोय करायची, गुरूनं दाखवलेल्या जागी दुरुस्ती करायची, आणि हे कंटाळवाणं काम पुरतं दमण्याआधी थांबवायचं. जमलेलाच राग रोज आळवणारा तास मोजतो, पण त्याचा रियाज या व्याख्येत बसत नाही. हे सगळं खरं धरलं तरी एक गोष्ट नजरेतून निसटते. ते तीसही विद्यार्थी अकादमीच्या दारातून आत आलेले होते. आंबट आंब्यांची झाडं आधीच बाहेर राहिली होती.

२०१४ साली ब्रूक मॅक्नमारा आणि दोन सहकाऱ्यांनी सरावावरचे ८८ अभ्यास एकत्र मांडले. बुद्धिबळासारख्या खेळांत माणसामाणसांतल्या फरकापैकी २६ टक्के सरावानं उलगडत होता, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात अवघा ४, आणि नोकरी-व्यवसायांत एकाहूनही कमी. २०१९ मध्ये बर्लिनचा प्रयोग नव्यानं केला गेला तेव्हा सर्वोत्तम आणि चांगले यांच्यातला रियाजाचा फरकच दिसेनासा झाला. दोघांचे तास जवळपास सारखे होते, मागं होता तो तिसरा गट. यावरून 'सराव व्यर्थ' असे मथळे निघाले. मथळा लिहिणाऱ्यानं केळीच्या बागेत जायला हवं होतं. गावातल्या सगळ्यांनी ठिबकनं रोज सारखंच पाणी दिलं तर त्या वर्षीच्या घडांच्या फरकात पाण्याचा वाटा शून्य टक्के निघेल. म्हणून कुणी पंप बंद करून पाहावा. शिक्षणातला चार टक्के हा आकडा असाच वाचावा लागतो: अभ्यासाचे तास विद्यार्थ्यांच्या आठवणीवर मोजलेले, एका वर्गात बसलेली मुलं आधीच गुणांवर निवडलेली, आणि एकाला दोन तासांत उमजणारं दुसऱ्याला सहा तासांत उमजतं म्हणून कच्चा मुलगाच जास्त तास बसलेला. अशा वर्गात तास आणि गुण यांची गाठ सैलच दिसणार. तरीही सरावाच्या भक्तांनी या आकड्यांपासून पळू नये. बुद्धिबळात, जिथं नियम ठाम आहेत आणि चुकीची शिक्षा पुढच्याच चालीत मिळते, तिथंसुद्धा जवळजवळ तीन चतुर्थांश फरक सरावाबाहेरचा उरतो. अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या २००७ सालच्या एका अभ्यासात मास्टरच्या पातळीला पोचायला एकाला तीन हजार तास लागले होते, दुसऱ्याला तेवीस हजारांवर. आठपट. आणि हे दोघंही पोचलेले. तेवढेच तास घालून न पोचलेले वेगळे.

बुद्धिबळाचा विषय निघाला की हंगेरीतल्या पोल्गार बहिणी हटकून येतात. कोणतंही निरोगी मूल घडवता येतं असं जाहीर करून बापानं तीन मुलींना घरीच शिकवलं, आणि धाकटी युडिट पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत गेली. आपल्याकडं हा प्रयोग त्याच सुमारास झाला होता, फक्त कुणी त्याला प्रयोग म्हटलं नाही. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. भारताची महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि १९८३ पर्यंत दहा वर्षं ते अजिंक्यपद या एका घराबाहेर गेलं नाही. रोहिणी यांनी १९८१ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपदही आणलं. सरावाचा पक्षकार म्हणेल, बघा, घर कसं घडवतं. उपजत गुणाचा पक्षकार म्हणेल, बघा, एकाच रक्ताच्या तिघी. दोघांचंही म्हणणं सिद्ध होत नाही, कारण घर हे असं ठिकाण आहे जिथं बेणं आणि मशागत एकाच दारानं आत येतात. यातून खात्रीनं निघतं ते तिसरंच. त्या दहा वर्षांत देशभरात महिलांच्या बुद्धिबळाला मशागत जवळपास नव्हती. ज्या एका घरात ती होती तिथंच सगळं पीक आलं. पुढं पट मांडलेली घरं वाढत गेली तसं असं एकछत्री राज्य अशक्य झालं. तिघी पोल्गार बहिणींना मात्र बापानं पाणी सारखंच दिलं होतं आणि तरी त्या एका उंचीवर थांबल्या नाहीत. मधली सोफिया इंटरनॅशनल मास्टरपर्यंत आली, थोरली आणि धाकटी ग्रँडमास्टर झाल्या.

हाच न्याय घेऊन आता लातूरला जाऊ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला तेव्हा इथं उच्च शिक्षणाची वानवा होती. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, लातूरचं दयानंद महाविद्यालय १९६१ चं आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. त्या काळात गुणवत्ता पुण्या-मुंबईच्या पेठांत आणि वाड्यांत पिकते हे इतकं उघड मानलं जाई की ते कुणी बोलूनही दाखवत नसे. आणि मग गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बारावीच्या निकालांत लातूरचं नाव येऊ लागलं, इतकं की पद्धतीलाच 'लातूर पॅटर्न' हे नाव मिळालं. या पॅटर्नमध्ये गुपित काही नव्हतं. अभ्यासक्रम परीक्षेच्या कितीतरी आधी संपवायचा, मग मागच्या प्रश्नपत्रिका, मग चाचणी, चाचणीचा पेपर लगेच तपासून हातात, चुकलेल्या प्रकरणावर पुन्हा चाचणी. एरिक्सन बर्लिनमध्ये ज्याला नाव शोधत होता ते काम इथं वर्गावर्गातून चाललं होतं. वीस वर्षांत एखाद्या प्रदेशातल्या माणसांची जनुकं बदलत नाहीत. तेव्हा लातूर, नांदेड, धाराशिवच्या पोरांत जे अचानक 'दिसू' लागलं ते आधीपासून होतं, त्याला पाणी नव्हतं. सरावाच्या बाजूनं इतका धडधडीत पुरावा महाराष्ट्रात दुसरा नसेल.

पण गोष्ट इथं संपवणं म्हणजे अर्धी बाग पाहून परत येणं. पॅटर्न गाजला, मग तो सगळ्यांनी उचलला. आज लातुरात, नांदेडात आणि राज्यभर शिकवण्यांत तीच चाचणी, तीच उत्तरपत्रिका, तोच वेळेचा हिशेब. नीटच्या २०२५ च्या परीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक मुलं बसली. १८० प्रश्न, १८० मिनिटं. जवळपास प्रत्येकजण सराव करून आलेला. सराव हा असा सार्वत्रिक झाला की त्याच्यामुळं पडणारा फरक आटतो आणि उरलेल्या फरकात बाकीच्या गोष्टींचा वाटा फुगतो. पाणी सगळ्या वावरांत पोचलं की मग बेणं बोलायला लागतं. १९९० च्या आसपास सरावानं जेवढी आघाडी मिळायची तेवढी आज त्याच सरावानं मिळत नाही. आज तो फक्त मागं पडू देत नाही. या विचित्र स्थितीत आईबाप सापडले आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर लातूरची पहिली पिढी आहे, जिनं मेहनतीनं नशीब पालटलं, आणि त्यावरून ते निष्कर्ष काढतात की आपल्या मुलाला जागा मिळाली नाही म्हणजे मेहनत कमी पडली. पहिला निरीक्षणाचा भाग खरा आहे, दुसरा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे. पाणी सगळ्यांना पोचलं असं म्हणणं धाडसाचं आहे. एकीला लातुरात खोली, मेस आणि शिकवणी. दुसरीला गावाहून रोजची एसटी आणि घरी आल्यावर हळदीच्या वेचणीचं काम. त्यांच्या गुणांतला फरक पाहून उपजत बुद्धीचं नाव घेणं हा शुद्ध लबाडपणा होय. उपजत गुणाचं माप मशागत सारखी असलेल्या वावरांतच घेता येतं, आणि तसं वावर आपल्याकडं विरळा. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक अवघड. तो म्हणतो की सराव करत राहण्याची ताकद हीच मुळात उपजत असते. स्वीडनमधल्या दहा हजारांहून अधिक जुळ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात रियाजाच्या तासांतला निम्म्याच्या आसपास फरक वारशाशी जोडलेला निघाला. शिवाय एकसारख्या जुळ्यांपैकी एकानं हजारो तास अधिक रियाज केला असला तरी सूर-लय ओळखण्याच्या चाचणीत दोघं सारखेच. चाचणी कानाची होती, हाताची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. जास्त बसलेला जुळा वाजवत कदाचित जास्त चांगलं असेल. तरीही 'प्रतिभा देवाची, मेहनत माझी' ही वाटणी यानंतर तशी उरत नाही. शरीराचं तर याहून स्पष्ट आहे. व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांना वीस आठवडे सारखाच व्यायाम देणाऱ्या एका अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात प्राणवायू वापरण्याची क्षमता कुणाची मिनिटाला लिटरभर वाढली, कुणाची जवळपास काहीच नाही, आणि एका कुटुंबातली माणसं एकसारखा प्रतिसाद देत होती. म्हणजे उपजत असतो तो नुसता आरंभबिंदू नव्हे. सराव अंगी किती लागतो हेही काही प्रमाणात उपजत. एकाच खताला काही वाण दाद देतात, काही देत नाहीत, हे कृषी सहायकाला वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा आक्षेप घेणाऱ्याच्या मागं इतिहास उभा आहे. उपजत गुणाची भाषा आपल्याकडं निरागस नाही. 'खाण तशी माती' म्हणत पिढ्यान्‌पिढ्या माणसांना शाळेबाहेर ठेवलं गेलं, आणि तिकडं इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टननं १८६९ च्या आपल्या ग्रंथात नामांकितांची मुलं नामांकित निघतात यावरून बुद्धी रक्तातून येते असं ठरवलं. त्या मुलांना वडिलांची ओळख, पुस्तकं आणि फुरसतही मिळाली होती, हे त्याच्या हिशेबात फारसं आलं नाही. म्हणून अनेक सज्जन माणसं उपजत गुण हा शब्दच टाळतात. हेतू चांगला, मार्ग चुकीचा. वारसा मानला म्हणजे जातीचा किंवा गावाचा वारसा मानावा लागतो, ही समजूतच खोटी आहे, आणि ती उंचीच्या उदाहरणानं खोटी पडते. चांगलं खायला मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीतला मोठा भाग वारशाचा असतो. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे वीस सेंटिमीटरनं वाढली. एका गटाच्या आत वारसा कितीही प्रबळ असो, दोन गटांतला फरक त्यावरून समजत नाही. तो निव्वळ पोषणाचा असू शकतो. कोयीतून आलेल्या आंब्याच्या दोन झाडांत जो फरक असतो तो बांधाच्या अलीकडं जितका, तितकाच पलीकडं.

संगीतात हा सगळा गुंता एका माणसात पाहायचा तर कुमार गंधर्वांकडं जावं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ सालचा जन्म. शिकवण नसताना थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाणारा मुलगा म्हणून लहानपणीच नाव झालं. १९३६ मध्ये मुंबईत जीना हॉलमधल्या त्यांच्या गाण्यानं जाणकार थक्क झाले. उपजत गुण याहून उघडा कुठं दिसणार? पण ती नक्कल होती, कितीही थक्क करणारी असली तरी. प्रा. बी. आर. देवधरांनी त्या मुलाला पुढची वर्षं शिकवलं, वेगवेगळ्या घराण्यांचं ऐकवलं. मग ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला बिछान्यावर गाणं काही वर्षं बंद राहिलं, एक फुप्फुस निकामी झालं. लांब पल्ल्याची तान घेणारा भाता गेला, आणि १९५३ च्या सुमारास परत आलेलं गाणं छोट्या, टोकदार, अवचित सुटणाऱ्या फेकींचं होतं. त्याला श्वासाच्या मर्यादेचं कारण चिकटवणं सोपं आहे. त्या बिछान्यावरच्या काळात माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती आणि मन त्यांची चिरफाड करत होतं, हेही तितकंच खरं. यात रियाज कुठला मोजायचा? गळा न उघडता चाललेल्या त्या वर्षांचे तास कुठल्या खात्यात टाकायचे? मम्मटाचं एकवचन इथं फार उपयोगी पडतं.

लातूर पॅटर्नवरची जुनी टीका घोकंपट्टीची, आणि तिच्यात तथ्य किती हे सांगणारा एक छोटा प्रयोग आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एका साधारण विद्यार्थ्याला एकामागून एक आकडे ऐकवून तोंडपाठ म्हणायला लावलं. सुरुवातीला त्याला सात जमत. तो हौशी धावपटू होता. आकड्यांचे तुकडे शर्यतीच्या वेळा समजून तो लक्षात ठेवू लागला, आणि वीस महिन्यांत, सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ७९ आकड्यांपर्यंत पोचला. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. सहा. सराव जिथं केला तिथंच वाढतो, शेजारच्या वावरात वाहून जात नाही. मिनिटाला एक प्रश्न सोडवण्याचा सराव मिनिटाला एक प्रश्न सोडवायलाच शिकवतो, त्याला दोष देऊ नये आणि त्याहून जास्तही त्याच्याकडून मागू नये. म्हणून जागा हुकलेल्या मुलाला आणखी एक वर्ष बसवावं का, हा नांदेड-लातूरच्या हजारो घरांत दर जूनमध्ये पडणारा प्रश्न एकूण गुणांकडं पाहून सुटत नाही. वर्षभराच्या चाचण्यांचा कागद काढावा लागतो. गुण शेवटच्या महिन्यापर्यंत चढत असतील तर पाणी अजून लागू पडत होतं. दिवाळीनंतर रेघ आडवी झाली असेल तर आधी रियाजाची जात तपासावी, कारण पुष्कळदा मूल आलेलेच प्रश्न पुन्हा सोडवत बसलेलं असतं. मग विषय, मग तब्येत, आणि या सगळ्यांनंतर कोय. अर्धापुरात केळीचा खोडवा राखायचा की नाही, हे घड कापल्यावर ठरत नाही. बाग निसवायला लागते तेव्हाच झाडाकडं पाहून एक जोमदार मुनवा सोडलेला असतो आणि बाकीचे विळ्यानं कापून टाकलेले असतात.